झोपलेल्याला उठवायचं नाही

हजार किलोमीटरचा तो रस्ता वाळवंटातून इतका सरळ गेला होता की एकदा म्हणे एका ड्रायव्हरला पहिल्याच दगडापाशी डुलकी लागली, ती थेट हजाराव्या दगडापाशी उतरली, आणि मधल्या वेळात गाडीला काही कळलंसुद्धा नाही. ही गोष्ट थोरले सांगत. खरी का खोटी ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते त्या ड्रायव्हरचं गाव सांगत, त्याच्या बायकोचं माहेर सांगत, आणि ऐकणारा माणूस आपणही त्याला कुठेतरी पाहिलंय अशा समजुतीने घरी जाई.

थोरले म्हणजे थोरला साडू, आणि धाकटा म्हणजे धाकटा साडू. दोन सख्ख्या बहिणी दोघांना दिलेल्या, आणि एकच ट्रक दोघांनी बावीस वर्षं हाकलेला. त्या रस्त्यावर त्यांना सगळे उंट आणि पखाल म्हणत. थोरले सव्वासहा फूट, वाळलेले, मान कायम पुढे काढलेली. धाकटा बुटका, गोल, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा ठेवाल तिथे मावणारा. "साडूचं साडूशी पटलंय असं जगात दोनदाच झालं," थोरले म्हणत. "एकदा आमचं. दुसरं मी अजून ऐकलेलं नाही."

त्या रस्त्यावर दोन ड्रायव्हरांशिवाय गाडी जात नसे. दोनशे दगड एकाने चालवायचे, दोनशे दुसऱ्याने. एक चालवत असला की दुसरा सीटमागच्या फळीवर झोपणार. मध्ये प्लायवूडची आडभिंत आणि तिला एक सरकतं दार, उजेड आत जाऊ नये म्हणून. नियम फार नव्हते, पण जे होते ते पक्के. झोपलेल्याला उठवायचं नाही. गाडी थांबली की तो आपोआप उठतो, त्याची पाळी आलेली असते. मध्येच त्याला उतरायचं असलं तर त्याने प्लायवूडवर स्टीलचा पेला दोनदा वाजवायचा. एकदा वाजला तर लक्ष द्यायचं नाही. माणूस कूस बदलतो, कोपर लागतं, पेला कलंडतो.

आणि शेवटचा नियम सीटचा. हा बाकी कुठल्या गाडीवर नव्हता, या दोघांचाच होता. थोरल्यांची सीट शेवटच्या भोकात, धाकट्याची पहिल्या. थोरल्यांच्या आरशात धाकट्याला नुसतं आभाळ दिसायचं. म्हणून उतरणाऱ्याने उतरण्याआधी बसणाऱ्याच्या मापाने सीट सरकवायची आणि आरसे लावून द्यायचे. सीटच्या रुळांत बावीस वर्षांची वाळू होती. ती सरकली की असा कर्रकर्र आवाज व्हायचा की पुढच्या गाडीचा ड्रायव्हर आपलं काही तुटलं म्हणून खाली वाकून बघायचा. उजवा आरसा बसल्या जागेवरून लागे. डावा लावायला मात्र खाली उतरा, गाडीला वळसा घाला, पलीकडच्या पायरीवर चढा, तेव्हा कुठे. बावीस वर्षांत एकाने दुसऱ्यासाठी ते किती वेळा केलं असेल याचा हिशेब वाळूनेच ठेवावा.

तर गेले पाच दिवस हा सीटचा नियम बंद होता, आणि थोरल्यांची जीभही बंद होती.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांमागे तीनशे बाराव्या दगडापाशी थोरल्यांनी भर दुपारी गाडी थांबवली, दार उघडलं आणि म्हणाले, "या, बसा वर. एवढ्या उन्हात कुठे उभे राहता?" गाडी थांबली म्हणून धाकटा उठला, दार सरकवून बघतो तर खाली किलोमीटरचा दगड. थोरले त्याला म्हणत होते, "लाजू नका, साडू झोपलेत, त्यांचं काही नाही."

धाकटा हसला. थोरलेही हसले. म्हणाले, "तुझी गंमत केली रे पखाल." पण गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी उतरून त्या दगडाला हात लावून पाहिला.

त्यानंतर आठ दिवसांनी उलटं झालं. दगड समजून ज्याच्यासाठी त्यांनी गाडी वळवली नाही तो माणूस होता, रस्त्यावर खडी टाकणारा. वीतभर अंतराने वाचला. ही गोष्ट थोरल्यांनी कुणाला सांगितली नाही. जिच्यात मीठमसाला घालता येत नाही अशी त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच गोष्ट.

त्या माणसाच्या ओरडण्याने धाकटा फळीवर जागा झाला होता; त्याने ती घरात सांगितली. तेव्हा थोरल्यांच्या बायकोने, ताईंनी, त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. हातातलं फडकं पिळून पिळून त्यांनी कोरडं केलं होतं.

"भाऊजी, तुम्ही ऑफिसात सांगा. त्यांना खाली उतरवा."

"मी? ताई, ते मला फाडून खातील."

"मी सांगितलं असं कळलं तर ते आयुष्यभर मला माफ करायचे नाहीत. तुमच्यावरचा राग दोनशे दगडांच्या वर टिकलेला मी पाहिला नाही. तुमच्या नावावर खपेल ते."

खपेल म्हणून तो गेला. ऑफिसात गाड्या नेमून देणारे साहेब म्हणाले, तुमचं नाव येणार नाही, निश्चिंत राहा. आणि पुढच्या खेपेला थोरले किल्ली घ्यायला गेले तेव्हा त्याच साहेबांनी पहिल्याच वाक्याला सांगितलं, "ही तुमची शेवटची खेप. डोळ्यांचं तुमच्या साडूंनी कळवलंय."

थोरले बाहेर आले. धाकट्याकडे बघून म्हणाले, "बरं."

तो शेवटचा शब्द.

जाताना हजार दगड गेले, शब्द नाही. मिठाच्या खाणीपाशी भरायला दोन दिवस लागले, शब्द नाही. ताईंचे दोनशे दगड कधीच मागे पडले होते. ज्या माणसाच्या गप्पांवर गाडी डिझेलपेक्षा जास्त चालायची, तो मुका बसला, आणि या इंजिनाला असा घरघरीचा आवाज आहे हे धाकट्याला बावीस वर्षांनी पहिल्यांदा कळलं. पाळी बदलली की थोरले तसेच उतरत, तसेच फळीवर जात. सीट शेवटच्या भोकात, पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत, आरशात आभाळ. मग धाकट्याने ती सीट स्वतः पुढे ओढायची. कर्रकर्र. दर वेळी त्याला वाटे, गाडीच आपल्याला शिवी देतेय.

ताईंचं नाव सांगून तो मोकळा होऊ शकला असता. जिभेवर आलंही होतं चार वेळा. पण दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तर पखालीने निदान ओरडू नये, असं स्वतःला समजावत त्याने गिळलं. त्याला एवढंच हवं होतं की खेप संपायच्या आत थोरल्यांनी त्याच्याशी एक शब्द बोलावा. चांगलाच पाहिजे असं नाही. हजाराव्या दगडानंतर थोरले गाडीवर नसणार, आणि गाडीवर राहिलेलं भांडण घरी जाऊन मिटत नाही. घरी बायका असतात, चहा असतो, लोक असतात, सगळे नीट वागतात.

दगडांची मोजणी खाणीपासून होती; परतीच्या वाटेवर सहाशेच्या दगडापाशी सूर्य उगवला. पहाटेचा पट्टा थोरल्यांनी चालवला होता, आणि धाकटा फळीवर डोळे टक्क उघडे ठेवून एकेक दगड मनात मोजत आला होता. गाडी थांबली. तिथे पाण्याची एक टाकी होती, पत्र्याच्या सावलीत. धाकटा उतरला, नळाखाली डोकं धरलं आणि पाण्याचा आवाज कानात भरून घेत वाक्याची तालीम करत राहिला. "भाऊ, झालं ते झालं." नको. "भाऊ, माझं चुकलं." चुकलं कुठे होतं पण? "भाऊ, एक विचारू?" हे बरं होतं. विचारू म्हटलं की थोरल्यांना गप्प राहवत नसे.

तो बराच वेळ नळाखाली राहिला असावा. परत आला तेव्हा थोरले फळीवर चढत होते. त्याला त्यांच्या फक्त टाचा दिसल्या, भेगाळलेल्या, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. दार सरकलं.

धाकटा वर चढला, बसला, किल्ली फिरवली आणि निघाला.

सहाशे चाळीसच्या सुमाराला त्याच्या डोक्यात ते आलं. आठशेला गाडी थांबणार, थोरले उठणार आणि शेवटचे दोनशे दगड चालवणार. त्यांच्या आयुष्यातले शेवटचे. तेच आपण चालवून टाकले तर? थांबलोच नाही तर? दुपारच्या झळांमध्ये त्यांच्या डोळ्यांना तसंही दगड आणि माणूस कळायचा नाही, म्हणजे त्यातही शहाणपण होतंच. पण शहाणपण हे त्याने वरून लावलेलं तोंडी लावणं. खरं कारण वेगळं होतं. आपली शेवटची पाळी याने खाल्ली हे कळलं की थोरले दार धाडकन सरकवतील आणि सात पिढ्या उद्धरतील. शिवी दिली तरी बोलणंच ते.

यात एकच अडचण होती. थांबायचं नाही म्हणजे स्वतःलाही उतरता येणार नव्हतं, आणि नळावर तो तांब्याभर पाणी प्यायला होता. सातशेच्या दगडापासून धाकट्याने दोन्ही गुडघे जवळ घेतले.

सातशे एकेचाळीसला मागे पेला वाजला. एकदा.

त्याने वेग कमी केला. कान मागे लावले. दुसऱ्यांदा वाजला तर थांबायचं, मग सगळा बेत गेला. वाजला नाही. एक दगड गेला, दोन गेले. कूस बदलली असेल. पण कूस बदलली म्हणजे झोप मोडली, आणि झोप मोडली म्हणजे थोरले जागे आहेत, आणि जागे आहेत म्हणजे ऐकतायत.

"भाऊ," तो समोरच्या काचेला म्हणाला, "जागे आहात ना? बोलू नका. मी कुठे बोला म्हणतोय? नुसतं ऐका."

आणि तो बोलत सुटला. खडी टाकणाऱ्या माणसाचं बोलला. त्याला पोरं किती आहेत ते नंतर मुद्दाम थांबून विचारून आलो होतो, तीन आहेत, हे बोलला. मग ते चार वेळा गिळलेलंही आलं. "आणि ऑफिसात जायला मला ताईंनी सांगितलं. त्यांना काही म्हणायचं नाही बरं का. फडकं पिळत होत्या, हातात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांना तुम्ही हवे आहात, गाडी नको आहे."

उजव्या हाताला एक दवाखाना गेला, हजाराव्या दगडाच्या आधीचा एकुलता एक. दारात कंपाउंडर दात घासत उभा होता. धाकट्याने बोलता बोलता त्याला हात केला. त्यानेही ब्रश वर करून हात केला.

आठशेचा दगड आला आणि गेला. धाकट्याने मान खांद्यांत ओढून घेतली, पाठीवर धोंडा पडणार असल्यासारखी. काही पडलं नाही.

"भाऊ, आठशे गेला," त्याने कळवलं.

राग आपल्या अंदाजापेक्षा मोठा दिसतोय, त्याला वाटलं. मग त्याने ठेवणीतलं हत्यार काढलं. थोरल्यांना सगळं सहन होई, पण त्यांची गोष्ट कुणी वाईट सांगितलेली होत नसे. "तो ड्रायव्हर होता ना भाऊ, डुलकी लागलेला," धाकटा मुद्दाम मोठ्याने सांगू लागला, "त्याला नव्वदाव्या दगडाला झोप लागली आणि नऊशेला जाग आली. त्याचं गाव काही मला माहीत नाही. बायकोचं माहेरही कुणाला माहीत नाही. एवढीच गोष्ट."

मागे शांत.

नऊशेचा दगडही गेला. थांबून बघावं, असं त्याच्या पायाला वाटलं. पाय ब्रेकवर गेलाही. पण गाडी थांबली की झोपलेला उठतो, हा नियम बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. आता गाडी थांबली आणि तो मोडलेला बघावा लागला तर? चालती आहे तोवर थोरले झोपलेले आहेत. त्याने पाय उचलला. पन्नासची गाडी चाळीसवर आली, तिसावर आली. मिठाने भरलेल्या त्या ट्रकला शेवटी शेवटी एक उंट मागे टाकून गेला, आणि ही थाप नाही, त्या उंटावर माणूस बसला होता आणि त्याने वळून पाहिलं.

हजाराव्या दगडाला नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. धाकटा स्टिअरिंग धरून बसून राहिला. नाक्याचा शिपाई आला, कागद मागितले, मग परत आला, मग खिडकीवर टकटक केलं. "अहो, झोपलात काय?"

"मी नाही," धाकटा म्हणाला. "साडू झोपलेत. आता उठतील."

नाक्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून पाहिला, पापणी उघडून पाहिली. म्हणाल्या, हृदय. पाच-सहा तास झाले असतील. धाकट्याने बोटं मोजून वेळेचे दगड केले. शेवटी गाडी हळू केली होती तेही धरून, सहा तास म्हणजे सातशे चाळीस, पाच म्हणजे आठशे. त्यात पेलाही बसत होता, दवाखानाही बसत होता, आणि तो स्वतः बोलत होता तेही सगळं बसत होता. कुठपर्यंत ऐकलं त्यांनी, हे बाईंना विचारायचं त्याच्या ओठांवर आलं, पण ते काही डॉक्टरकीत येत नाही. मग तो बाईंच्या दवाखान्यामागे गेला आणि नऊ तासांनी मोकळा झाला, आणि तिथेच भिंतीला डोकं लावून उभ्याउभ्या रडला. दोन्ही एकदम आलं. त्याला थोरल्यांची आठवण झाली. त्यांनी या एवढ्याची केवढी गोष्ट केली असती.

कागदपत्रं व्हायला संध्याकाळ झाली. घर अजून एकशेचाळीस किलोमीटर होतं. ऑफिसने दुसऱ्या दिवशी सकाळी एक ड्रायव्हर पाठवला, हाही ताडमाड उंच. फळीवर बर्फाच्या लाद्या लावून झाल्या. थोरले त्यांच्याच फळीवरून घरी जाणार होते. ड्रायव्हर वर चढला, आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"कुणाच्या मापाची सीट ही?" तो कुरकुरला. "आरशात माझाच खिसा दिसतोय." त्याने खालचा दांडा ओढून सीटला मागे रेटा दिला. कर्रकर्र.

धाकटा खाली उभा होता. तो आवाज ऐकला आणि त्याचा हात दारावर तसाच राहिला.

काल सकाळी हा आवाज झाला नव्हता.

त्याने पुन्हा आठवून पाहिलं. नळावरून आला. टाचा दिसल्या. वर चढला, बसला, किल्ली फिरवली. क्लचवर पाय बरोबर पोचला. आरशात मागचा रस्ता दिसत होता. दवाखाना दिसला, कंपाउंडरचा वर केलेला ब्रश मागे जाताना दिसला, तो डाव्या... नाही, उजव्या आरशात. आणि डाव्यात? डाव्यातही वाळू होती, रस्त्याची कड होती, दगड एकेक करून मागे जात होते. आभाळ नव्हतं. चारशे किलोमीटर त्या आरशांत बघत तो आला, आणि नीट लागलेलं आहे म्हणूनच त्याला कळलं नाही.

पाण्याचा आवाज कानात भरून तो वाक्यं जुळवत असताना थोरल्यांनी सीट पुढे सरकवली होती. मग उतरले होते. गाडीला वळसा घातला होता. पलीकडच्या पायरीवर चढले होते.

"थांबा," धाकटा ड्रायव्हरला म्हणाला. "उतरा जरा."

तो वर चढला. सीट शेवटच्या भोकात नेली. उजवा आरसा बोटाने वर ढकलला. मग उतरून, वळसा घालून, पायरीवर चढून डावा लावला. न बघता लावला, हाताला माहीत होतं. ड्रायव्हर बसला आणि म्हणाला, "बरोबर. कसं हो जमवलंत?"

धाकटा शेजारी बसला. गाडी निघाली. दहाएक किलोमीटर गेल्यावर तो म्हणाला, "जरा थांबवता का?"

ड्रायव्हरने थांबवली. त्याला वाटलं, उतरायचं असेल. धाकटा उतरला नाही. मान वळवून सरकत्या दाराकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चला."

आणखी दहा किलोमीटरांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. तोही त्याच रस्त्याचा माणूस होता. चौथ्या वेळेपासून तो न सांगता आपणच थांबवू लागला, आणि इंजिनही बंद करू लागला, म्हणजे आवाज झाला तर ऐकू यावा.

तीन तासांची वाट, गाडी घरापाशी लागली तेव्हा दिवस मावळायला आला होता. दारात माणसं जमली होती. ताई पुढे आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, फडक्यासारखे पिळून काढलेले.

"सकाळी निघालात ना?" त्या म्हणाल्या. "एवढा उशीर?"

बावीस वर्षं उशीर झाला की थोरले दारातूनच सांगायचे की वाळवंटाने मध्ये पाच-सहा दगड जास्तीचे पेरलेत, आम्ही काय करणार. धाकट्याने कधी थाप मारली नव्हती. त्याला ती जमत नसे.

"रस्ता वाढलाय, ताई," तो म्हणाला.

"किती दगडांनी?" सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. मग माणसांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "बोलले का तुमच्याशी?"

"सहाशेला सीट पुढे घेऊन ठेवली होती. आरसे लावले होते."

ताई ड्रायव्हरच्या घरात तीस वर्षं राहिलेल्या बाई. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"डावासुद्धा?"

"डावासुद्धा."

तेव्हा त्या तिथेच, ट्रकच्या पायरीवर, खाली बसल्या.